दोन शीट शेजारी-शेजारी ठेवून काम करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिल आला की पुण्यात एकच काम वेगवेगळ्या नावांनी सुरू होते. कोथरूडमधल्या सोसायटीचे खजिनदार देखभाल शुल्काची यादी बँकेच्या उताऱ्याशी जुळवत असतात. पेठांमधल्या कर सल्लागारांच्या कार्यालयांत खरेदीची नोंदवही जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीशी, ताडून पाहिली जाते. भोसरी-चाकणचे पुरवठादार पर्चेस ऑर्डर आणि चलनांतला फरक शोधतात, तर मार्केट यार्डातले आडते पट्ट्या (शेतमालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) आणि उधारी. सगळ्यांची गरज एकच असते: एक शीट डोळ्यांसमोर ठेवून दुसऱ्यात लिहायचे. बहुतेक जण त्यासाठी खालच्या टॅबवर सतत इकडून तिकडे उड्या मारतात, आणि आकडा लक्षात ठेवून लिहिताना तो चुकतो.

पुढची उत्तरे मुख्यतः विंडोजवरच्या एक्सेलला धरून आहेत. गूगल शीट्स आणि लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळी उत्तरे आहेत.

एकाच फाइलमधली दोन शीट एकाच वेळी कशी पाहायची?

फाइल उघडा. वरच्या व्ह्यू टॅबमध्ये न्यू विंडो हे बटण दाबा. पडद्यावर काहीच बदलले नाही असे वाटेल, कारण नवी विंडो जुनीच्या बरोबर वर उघडते. शीर्षकपट्टी पाहा: फाइलच्या नावापुढे आता १ किंवा २ असा आकडा आलेला असतो. मग व्ह्यूमध्येच अरेंज ऑल दाबा, व्हर्टिकल निवडा आणि खालच्या ‘विंडोज ऑफ अॅक्टिव्ह वर्कबुक’ या चौकटीत खूण करून ओके म्हणा. दोन्ही विंडो शेजारी-शेजारी येतील. आता डावीकडे एका शीटच्या टॅबवर क्लिक करा, उजवीकडे दुसऱ्या.

ती खूण केली नाही, तर त्या वेळी उघड्या असलेल्या इतर सगळ्या फाइलीही त्या मांडणीत घुसतात आणि प्रत्येकीला पडद्याची एक चिंचोळी पट्टी मिळते. खाली मिनिमाइझ केलेल्या विंडो मात्र अरेंज ऑल मोजत नाही. नको असलेली फाइल आधी मिनिमाइझ करून ठेवली तरी चालते.

कीबोर्डवरून करायचे असेल तर ऑल्ट दाबून सोडा, मग डब्ल्यू, मग एन, की नवी विंडो उघडते. ऑल्ट, डब्ल्यू, ए म्हणजे अरेंज ऑल. रोज हे काम करणाऱ्याने या दोन जोड्या पाठ कराव्यात. दोन विंडोंमध्ये ये-जा करण्यासाठी कंट्रोल आणि एफ६.

तीच फाइल फोल्डरमधून पुन्हा डबल-क्लिक केली तर दुसरी विंडो मिळेल का?

नाही. एक्सेल आधीच उघडी असलेली विंडो पुढे आणून ठेवते. दुसरी विंडो फक्त न्यू विंडोनेच मिळते.

काही जण फाइलची नक्कल करून ती शेजारी उघडतात. हे टाळा. दोन प्रती झाल्या की थोड्या वेळाने कोणती खरी हे सांगता येत नाही, आणि निम्म्या दुरुस्त्या एकीत तर निम्म्या दुसरीत राहतात. न्यू विंडोने उघडलेल्या दोन्ही विंडो एकाच फाइलच्या असतात. एकीत लिहिलेले दुसरीत त्याच क्षणी दिसते आणि कुठूनही सेव्ह केले तरी सगळे सेव्ह होते.

कंट्रोल धरून दोन टॅब निवडले तर दोन्ही शीट दिसतात का?

दिसत नाहीत, आणि या प्रश्नाचे उत्तर या पानावरच्या बाकी सगळ्या उत्तरांपेक्षा महत्त्वाचे आहे. कंट्रोल धरून दोन टॅब निवडले की त्या शीटचा गट तयार होतो आणि शीर्षकपट्टीत ‘ग्रुप’ हा शब्द येतो. त्यानंतर एका शीटच्या सी१२ मध्ये जे लिहाल ते दुसऱ्या शीटच्या सी१२ मध्येही लिहिले जाते, तिथे आधी असलेले पुसून. पुसले गेलेले पडद्यावर दिसत नाही, कारण समोर एकच शीट असते. एप्रिलची जमा लिहिताना मार्चची जमा बदलली, हे महिन्याभराने ताळा लागेना तेव्हा कळते.

शीर्षकपट्टीत ‘ग्रुप’ दिसले तर लगेच थांबा. कोणत्याही निवडलेल्या टॅबवर उजवे क्लिक करून अनग्रुप शीट्स म्हणा. गट असताना लिहिले गेले असेल तर फाइल बंद करू नका. कंट्रोल-झेडने मागे जा, आणि मग दोन्ही शीट तपासा.

दोन विंडोंमध्ये काय सामाईक असते आणि काय वेगळे?

बटणे दहा मिनिटांत सापडतात. काम बिघडते ते इथे, म्हणून हे नीट वाचावे.

दोन्ही विंडोंत एकच असते ते शीटचे स्वतःचे: सेलमधला मजकूर, फॉर्म्युले, रंग, कॉलमची रुंदी, लपवलेल्या ओळी आणि कॉलम, आणि फिल्टर. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. डावीकडच्या विंडोत तुम्ही ‘थकबाकी’ एवढेच फिल्टर केले आणि उजवीकडे तेच शीट उघडे असेल, तर तिथल्याही बाकीच्या ओळी गायब होतात. एकाच शीटची एक फिल्टर केलेली आणि एक पूर्ण अशी दोन रूपे न्यू विंडोने मिळत नाहीत. ती हवी असतील तर शीटची तात्पुरती नक्कल फक्त पाहण्यासाठी ठेवावी आणि काम झाल्यावर काढून टाकावी.

विंडोपुरते वेगळे असते ते दृश्याचे: कोणते शीट समोर आहे, स्क्रोल कुठवर आहे, झूम किती, फ्रीज पेन्स (स्क्रोल करतानाही मथळ्याच्या ओळी किंवा कॉलम जागीच ठेवणे), ग्रिडलाइन्स, आणि फॉर्म्युले दाखवायचे की उत्तरे. याचा फायदा घेता येतो. एकाच शीटच्या दोन विंडो उघडा आणि एका विंडोत कंट्रोल धरून एस्केपच्या खालची कळ दाबा. त्या विंडोत सगळे फॉर्म्युले दिसतील आणि शेजारी त्यांची उत्तरे. दुसऱ्या कोणी तयार केलेली फाइल तपासायला याहून सोपी पद्धत नाही.

आणखी एक सवय लावून घ्यावी. जी विंडो फक्त पाहण्यासाठी आहे तिच्या ग्रिडलाइन्स व्ह्यूमधून बंद करा. पांढऱ्या कोऱ्या पार्श्वभूमीवरचे शीट म्हणजे संदर्भाचे, रेघांचे म्हणजे लिहायचे, हे नजरेला बसते. माऊस ज्या विंडोवर असेल ती विंडोज १० आणि ११ मध्ये क्लिक न करताही स्क्रोल होते. ही सोय चांगली आहे, पण टाइप केलेले मात्र शेवटी क्लिक केलेल्या विंडोतच जाते. त्यामुळे नजर एकीकडे आणि कर्सर दुसरीकडे अशी चूक सहज होते.

शेजारी-शेजारी मांडावे की वर-खाली?

कॉलम किती आहेत त्यावर ठरवा. सोसायटीच्या यादीत फ्लॅट क्रमांक, नाव, रक्कम, तारीख एवढेच चार-पाच कॉलम आणि शंभर-दीडशे ओळी असतात. तिथे शेजारी-शेजारी उत्तम. जीएसटीआर-२बीच्या एक्सेलमधल्या बी२बी शीटला रुंदी फार लागते. तिथे वर-खाली ठेवले तर निदान एक ओळ पूर्ण वाचता येते.

अरेंज ऑलमधल्या नावांचा गोंधळ होतो. व्हर्टिकल म्हणजे मधली रेघ उभी, विंडो शेजारी-शेजारी. हॉरिझाँटल म्हणजे विंडो एकीखाली एक.

दोन वेगळ्या फाइली एकत्र स्क्रोल कशा करायच्या?

दोन्ही फाइली उघडा, एकीत व्ह्यू साइड बाय साइड दाबा. दोनपेक्षा जास्त विंडो उघड्या असतील तर कोणत्या विंडोशी तुलना करायची ते विचारले जाते. मांडणी बहुतेक वेळा वर-खाली येते. शेजारी हवी असेल तर त्यानंतर अरेंज ऑल आणि व्हर्टिकल. सिंक्रोनस स्क्रोलिंग आपोआप चालू होते: एक खाली सरकवली की दुसरीही सरकते.

दोन्ही फाइलींचे नाव तंतोतंत एकच असेल, म्हणजे वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दोन ‘हिशेब’ असतील, तर एक्सेल दुसरी उघडायलाच नकार देते. एकीचे नाव बदला. नाव देतानाच त्यात आर्थिक वर्ष घालण्याची पद्धत ठेवली तर ही अडचण येत नाही.

आणि वेगळ्या फाइली म्हणजे वेगळे सेव्ह. प्रत्येकीत स्वतंत्रपणे कंट्रोल-एस दाबावे लागते. फाइल वनड्राइव्हवर नसेल तर ऑटोसेव्ह चालत नाही, आणि ऑटोरिकव्हर मुळात दर १० मिनिटांनी प्रत ठेवते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणाऱ्या भागात डेस्कटॉपवर काम करत असाल, तर ऑप्शन्समधल्या सेव्ह या भागात जाऊन तो वेळ ३ किंवा ५ मिनिटे करून ठेवा.

व्ह्यू साइड बाय साइड हे बटण फिके दिसते, दाबले जात नाही. का?

एकच विंडो उघडी आहे. दुसरी फाइल उघडा किंवा न्यू विंडो दाबा.

दोन फाइली उघड्या असूनही बटण फिके असेल, तर एक फाइल बहुधा प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये आहे. ईमेलने आलेली किंवा इंटरनेटवरून उतरवलेली फाइल तशी उघडते आणि वर पिवळी पट्टी दिसते. पाठवणारा ओळखीचा आणि विश्वासाचा असेल तर एनेबल एडिटिंग दाबा. तेवढ्याने बटण सुरू होते. तिसरे कारण क्वचित आढळते: दोन फाइली एक्सेलच्या दोन स्वतंत्र प्रतींमध्ये चालू असणे. त्याबद्दल कंट्रोल-झेडच्या प्रश्नात लिहिले आहे.

एकत्र स्क्रोल होते, पण ओळी समोरासमोर येत नाहीत.

सिंक्रोनस स्क्रोलिंग ओळीतला मजकूर पाहत नाही. सुरू करताना दोन्ही विंडोंमध्ये जेवढे अंतर असेल तेवढेच ते शेवटपर्यंत राखते. म्हणून आधी सिंक्रोनस स्क्रोलिंग बंद करा, दोन्हीकडे पहिली खरी नोंद सर्वांत वर आणा, आणि मग पुन्हा चालू करा. बँकेच्या उताऱ्यात वर खातेदाराचे नाव, पत्ता, आयएफएससी कोड अशा बऱ्याच ओळी असतात. तुमच्या वहीत एकच मथळा असतो. फरक तिथेच पडतो.

दोन्ही याद्या एकाच क्रमाने लावलेल्या नसतील तर हे सगळे व्यर्थ आहे. आधी दोन्ही एकाच कॉलमवर सॉर्ट करा. सॉर्ट नावावर करू नये. ‘कुलकर्णी’ एकीकडे आद्याक्षरांसह असतात, दुसरीकडे पूर्ण नावाने, तिसरीकडे इंग्रजी लिपीत. फ्लॅट क्रमांक, बिल क्रमांक, जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) यांवर सॉर्ट करा. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. मागे-पुढे एखादी मोकळी जागा चिकटली तरी सॉर्टचा क्रम बिघडतो, तेव्हा आधी ट्रिम हे फंक्शन चालवून घ्या.

सॉर्ट करूनही क्रम विचित्र येत असेल तर आकडे सेलमध्ये कुठे टेकले आहेत ते पाहा. खरी संख्या आणि खरी तारीख आपोआप उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. बँकेच्या उताऱ्यातल्या तारखा डावीकडे टेकलेल्या असतील तर एक्सेल त्यांना तारीख मानतच नाही. तो कॉलम निवडून डेटा टॅबमधले टेक्स्ट टू कॉलम्स उघडा, दोनदा नेक्स्ट म्हणा, डेट निवडून त्यात आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असलेला क्रम घ्या आणि फिनिश करा.

मध्येच एकीकडे एक जादा ओळ निघाली की तिथून खालचे सगळे एका ओळीने सरकते. त्या जागी दुसऱ्या यादीत एक रिकामी ओळ घाला आणि तिला रंग द्या. ही रंगवलेली ओळच पुढे ‘न सापडलेल्या नोंदीं’ची यादी होते.

एका विंडोत फॉर्म्युला लिहिताना दुसऱ्या विंडोतला सेल घेता येतो का?

येतो. बरोबरचे चिन्ह टाइप करा, दुसऱ्या विंडोतल्या सेलवर क्लिक करा, एंटर. कधी विंडो पुढे आणण्यासाठी एक आणि सेल निवडण्यासाठी एक असे दोन क्लिक लागतात. शीटचे नाव फॉर्म्युल्यात आपोआप येते.

फरक इथे लक्षात ठेवा. दोन्ही विंडो एकाच फाइलच्या असतील तर पत्ता साधा येतो आणि खाली ओढला की पुढच्या ओळींचे आकडे येतात. दुसऱ्या फाइलमधला सेल घेतला तर पत्त्यात डॉलरची चिन्हे लागून येतात. तो खाली ओढला की प्रत्येक ओळीत तोच पहिला आकडा छापला जातो. सगळ्या सदनिकांची थकबाकी एकसारखी दिसायला लागली तर कारण हेच. पत्त्यावर कर्सर ठेवून डॉलर जाईपर्यंत एफ४ दाबा, मुळात दोन डॉलर असतील तर तीन वेळा, आणि मगच ओढा.

फॉर्म्युला अर्धवट असताना सहज म्हणून दुसऱ्या विंडोत क्लिक केले तर तो सेल फॉर्म्युल्यात घुसतो. आधी एस्केप दाबून बाहेर पडा.

कंट्रोल-झेड दाबले तर कोणत्या विंडोतले मागे जाते?

शेवटी जे केले ते, मग ते कोणत्याही विंडोत असो. एकाच एक्सेलमध्ये उघडलेल्या सगळ्या फाइलींचा अनडू एकच असतो. उजवीकडच्या फाइलमधली चूक सुधारण्यासाठी पाच-सहा वेळा कंट्रोल-झेड दाबताना डावीकडच्या फाइलमधली बरोबर नोंदही निघून जाऊ शकते. म्हणून अनडू दाबताना नजर दोन्हीकडे हवी.

अनडू वेगळा हवाच असेल तर एक्सेलची दुसरी स्वतंत्र प्रत सुरू करता येते: टास्कबारवरच्या एक्सेलच्या चिन्हावर उजवे क्लिक करा, ऑल्ट धरून यादीतल्या एक्सेल या नावावर क्लिक करा आणि प्रश्न येईपर्यंत ऑल्ट सोडू नका. नवी प्रत हवी का, याला हो म्हणा. मात्र मग दोन प्रतींमध्ये क्लिक करून फॉर्म्युला जोडता येत नाही, कॉपी-पेस्ट केले तर फॉर्म्युल्याऐवजी नुसते आकडे उतरतात, आणि साइड बाय साइडही मिळत नाही. ताळमेळाच्या कामाला ही पद्धत आम्ही सुचवत नाही.

फाइल पुन्हा उघडली तर दोन विंडो उघडतात आणि फ्रीज पेन्स गेलेले असते.

दोन विंडो उघड्या असताना सेव्ह केले की ती मांडणीही फाइलसोबत सेव्ह होते. ज्याला ती फाइल पाठवाल त्याच्याकडेही ती तशीच उघडते. बऱ्याच आवृत्त्यांमध्ये न्यू विंडोने आलेल्या विंडोत फ्रीज पेन्स, झूम आणि ग्रिडलाइन्स मूळ विंडोसारखे येत नाहीत. तुम्ही १ क्रमांकाची विंडो आधी बंद केलीत तर फ्रीज नसलेली विंडो मागे राहते आणि तीच सेव्ह होते.

क्रम असा ठेवा: काम झाले की २ क्रमांकाची विंडो तिच्या कोपऱ्यातल्या फुलीने बंद करा. आणखी विंडो उघडी असल्याने एक्सेल सेव्हबद्दल विचारत नाही, घाबरू नये. मग मूळ विंडो मोठी करा, फ्रीज तपासा, सेव्ह करा. फाइल पाठवायची असेल तेव्हा तर हे कराच.

फिल्टर लावलेल्या यादीत पेस्ट केले आणि आकडे भलतीकडे गेले.

शेजारी ठेवून काम करताना हा घोटाळा फार होतो. डावीकडे फिल्टर करून दहा ओळी कॉपी केल्या, उजवीकडेही फिल्टर करून त्याच दहा दिसत आहेत, तिथे पेस्ट केले. एक्सेल मात्र पेस्ट करताना सलग दहा ओळी भरते, मधल्या लपलेल्या ओळीही धरून. दिसणाऱ्या दहांपैकी दोन-तीन भरल्या जातात आणि बाकीचे आकडे न दिसणाऱ्या नोंदींवर जाऊन बसतात.

ज्या यादीत पेस्ट करायचे तिचा फिल्टर आधी काढा. हव्या त्या ओळी सॉर्ट करून सलग आणा आणि मग पेस्ट करा. ज्या यादीतून घ्यायचे तिथे ओळी हाताने लपवलेल्या असतील तर ऑल्ट आणि अर्धविराम दाबून फक्त दिसणारे सेल निवडा आणि मग कॉपी करा. शक्य असेल तिथे पेस्ट करूच नका, व्हीलुकअपने, म्हणजे दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधणाऱ्या फंक्शनने, आकडा आणा.

लॅपटॉपचा पडदा लहान आहे. दोन शीट मावत नाहीत.

१३६६ × ७६८ च्या पडद्यावर जागा वाचवावीच लागते. कंट्रोल आणि एफ१ ने वरची बटणांची पट्टी मिटते, दोन्ही विंडोंत वेगवेगळी मिटवा. झूम ८० टक्के ठेवा. त्याखाली गेले की ३ आणि ८ सारखे दिसू लागतात, आणि हिशेबात ते परवडत नाही. लागणारे कॉलम निवडून झूम टू सिलेक्शन दाबले तर तेवढेच कॉलम विंडोभर बसतात. न लागणारे कॉलम लपवता येतील, पण तेच शीट दुसऱ्या विंडोतही असेल तर तिथेही ते लपतील.

खरा उपाय दुसरा पडदा. घरातला टीव्हीसुद्धा एचडीएमआय केबलने जोडता येतो. विंडोज कळ आणि पी दाबा, एक्सटेंड निवडा, आणि एक विंडो तिकडे ओढा. विंडोज, शिफ्ट आणि बाण यांनी विंडो थेट दुसऱ्या पडद्यावर जाते. एक्सेल २०१३ पासून प्रत्येक फाइलची विंडो स्वतंत्र असते, त्यामुळे हे सहज जमते. २०१० आणि त्याआधीच्या एक्सेलमध्ये सगळ्या फाइली एकाच मोठ्या चौकटीत उघडतात. तिथे ती चौकटच दोन्ही पडद्यांवर ताणावी लागते.

पडदा काढल्यावर विंडो दिसेनाशी झाली.

ती काढलेल्या पडद्याच्या जागी उघडी आहे. दुसऱ्या विंडोतून अरेंज ऑल दाबा, ती परत येईल. किंवा टास्कबारवरून ती निवडून विंडोज कळ आणि डावा बाण दाबा.

मला पूर्ण शीट नको, फक्त दुसऱ्या शीटवरची बेरीज नजरेसमोर हवी.

मग विंडोच्या भानगडीत पडू नका. फॉर्म्युलाज टॅबमध्ये वॉच विंडो उघडा, अॅड वॉच म्हणा, आणि बेरजेचा सेल निवडा. एक छोटी चौकट कायम वर तरंगते आणि कोणत्याही शीटवर असलात तरी तो आकडा बदलताना दिसतो. सोसायटीचा जमा-खर्च लिहिताना बँक शिल्लक आणि हातातली रोख हे दोन सेल तिथे ठेवावेत. ज्या नोंदीला फरक पडला ती तिथल्या तिथे कळते.

दोन-चार ओळींचा तुकडा पाहायचा असेल, उदाहरणार्थ दरपत्रक, तर तो कॉपी करा आणि पेस्ट स्पेशलमधले लिंक्ड पिक्चर निवडून तुमच्या शीटवर चिकटवा. मूळ दर बदलले की चित्रातही बदलतात.

स्प्लिट म्हणजे हेच का?

नाही. स्प्लिट एकाच शीटचे दोन किंवा चार भाग करते, दोन शीट दाखवत नाही. लांब यादीचे वरचे आणि खालचे टोक एकत्र पाहायला ते चांगले. स्प्लिट आणि फ्रीज पेन्स एका विंडोत एकत्र चालत नाहीत. विभागणीच्या रेघेवर डबल-क्लिक केले की ती जाते.

गूगल शीट्समध्ये कसे करायचे?

तिथे न्यू विंडो किंवा अरेंज ऑल नाही, ब्राउझरचाच वापर करावा लागतो. ब्राउझरच्या टॅबवर उजवे क्लिक करून डुप्लिकेट म्हणा, तो टॅब बाहेर ओढून वेगळी विंडो करा, आणि विंडोज कळ व डावा बाण, दुसऱ्या विंडोवर विंडोज कळ व उजवा बाण. एजमध्ये स्प्लिट स्क्रीनची सोय आहे, तिथे एकाच विंडोत दोन पाने बसतात. प्रत्येक शीटचा वेब पत्ता वेगळा असतो, त्याच्या शेवटी ‘gid=’ नंतरचा आकडा पाहा. रोज लागणाऱ्या दोन शीटचे दोन बुकमार्क करून ठेवले की काम सोपे होते.

एकीकडे लिहिलेले दुसरीकडे क्षणात उमटते, पण एक्सेलपेक्षा काही गोष्टी वेगळ्या आहेत. फ्रीज केलेल्या ओळी इथे शीटच्या असतात, म्हणून त्या दोन्हीकडे आणि ज्यांच्याशी फाइल शेअर केली आहे त्या सगळ्यांकडे सारख्याच राहतात. साधा फिल्टरही सर्वांना लागतो. सोसायटीच्या समितीतले चार जण एकाच वेळी फाइलमध्ये असतील तर तुमच्या फिल्टरमुळे त्यांच्यासमोरच्या ओळी नाहीशा होतात. डेटा मेन्यूतून फिल्टर व्ह्यू तयार करा, तो फक्त तुमच्या त्या टॅबपुरता लागतो. एक्सेलमध्ये न मिळणारी सोय इथे यामुळे मिळते: एकाच शीटचे एक फिल्टर केलेले आणि एक पूर्ण रूप शेजारी-शेजारी.

ब्राउझरचा झूम, म्हणजे कंट्रोल आणि अधिक-उणे, संपूर्ण संकेतस्थळाला लागतो, त्यामुळे दोन्ही विंडो एकदम लहान-मोठ्या होतात. एकच लहान करायची असेल तर शीट्सच्या टूलबारमधला टक्क्यांचा झूम वापरा.

फॉर्म्युला लिहिताना दुसऱ्या ब्राउझर विंडोतल्या सेलवर क्लिक करून पत्ता घेता येत नाही. त्याच विंडोत खालच्या टॅबवरून दुसऱ्या शीटवर जावे लागते. दुसऱ्या फाइलमधले आकडे हवे असतील तर इम्पोर्टरेंज वापरा. पहिल्या वेळी चुकीची खूण येते, सेलवर माऊस नेऊन अलाव अॅक्सेस दाबले की आकडे येतात.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये?

विंडो मेन्यूतून न्यू विंडो. मांडणी विंडोज कळ आणि बाणांनी हाताने करायची. एकत्र स्क्रोल करण्याची सोय नाही. कंट्रोल धरून टॅब निवडण्याचा धोका इथेही तसाच आहे.

डोळ्यांनी जुळवणे कुठवर ठीक, आणि फॉर्म्युला कधी?

एक-दोन पानांत मावणारी यादी डोळ्यांनी जुळवावी. त्यात नावे, शेरे, चुकीच्या नोंदी नजरेला पडतात, ज्या फॉर्म्युल्याला दिसत नाहीत. त्यापुढे मात्र आधी फॉर्म्युल्याला काम करू द्यावे. जीएसटीआर-२बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो, आणि मध्यम व्यापाऱ्याच्याही त्यात शेकडो बिले असू शकतात.

अशा वेळी दोन्ही शीटमध्ये एक जादा कॉलम घ्या आणि त्यात जीएसटीआयएन व बिल क्रमांक जोडून एक खूण तयार करा. मग काउंटइफने पाहा की ही खूण दुसऱ्या शीटमध्ये किती वेळा आहे. शून्य म्हणजे नोंद नाही, दोन किंवा अधिक म्हणजे दुहेरी, एक म्हणजे सापडली. सापडलेल्यांची रक्कम एक्सलुकअपने आणून वजाबाकी करा. एक्सलुकअप एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, जुन्यात व्हीलुकअप वापरा आणि शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका. तो लिहिला नाही तर जवळपासच्या भलत्याच बिलाची रक्कम येते.

बिल क्रमांक एकीकडे ०४५ आणि दुसरीकडे ४५ असा असतो, किंवा एकीकडे आर्थिक वर्षासह लिहिलेला असतो. त्यामुळे शून्य आलेल्या सगळ्याच नोंदी खरोखर गहाळ नसतात. त्या शून्यवाल्या ओळी दोन्हीकडे सॉर्ट करून वर आणा, आणि आता न्यू विंडो, अरेंज ऑल, व्हर्टिकल. शेकड्यांतून वीस-पंचवीस उरलेल्या असतात. त्या शेजारी ठेवून एकेक पाहायच्या, आणि प्रत्येकीपुढे कारण लिहायचे: क्रमांकाची चूक, पुढच्या महिन्यात गेलेले बिल, किंवा पुरवठादाराने विवरणात दाखवलेलेच नाही.

मोबाइलवर जमेल का?

पाहण्यापुरते. लिहिण्यासाठी लॅपटॉप उघडा.